चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

ताईंचा डबा म्हटलं की विद्यापीठात सगळ्यांना कळायचं, आणि त्यात खायचं मात्र काही नसायचं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तो. शिपाईमामांनी छिन्नी घेऊन त्याच्या झाकणाला बोटभर फट पाडली, कडा कोणाच्या हाताला लागू नये म्हणून आतून-बाहेरून चिकटपट्टी मारली आणि वर एक चिमुकलं कुलूप लटकवलं. परदेशी विद्यार्थी कक्षाच्या दाराबाहेर 'काहीही विचारा' अशी पाटी होती. तिच्या बरोबर खाली, एका स्टुलावर, हा डबा ठाण मांडून बसलेला असायचा.

ताई या कक्षाच्या प्रमुख. आता प्रमुख म्हणजे काय, कक्षात त्या आणि शिपाईमामा असे दोनच जीव, त्यामुळे प्रमुख कोण यावर वाद होण्यासारखं काही नव्हतं. वय पंचावन्न, आवाज खणखणीत, आणि दूरदूरच्या देशांतून आलेल्या या पोरांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या. दर गुरुवारी चार वाजता ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर सोळा खुर्च्या गोल मांडून त्या पोरांची चर्चा भरवायच्या. आठवडाभर पोरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, गुरुवारी सगळ्यांदेखत कुलूप उघडायचं, एकेक चिठ्ठी मोठ्यांदा वाचायची, आणि ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते सांगायचं. बँकेत खातं कसं उघडायचं इथपासून ते सर हसतात तेव्हा खरंच हसतात की रागावलेले असतात इथपर्यंत काहीही.

नियम तीन. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. चिठ्ठी कोणाची हे विचारायचं नाही. आणि तिसरा, ताईंचा लाडका: एकही चिठ्ठी वाचल्याशिवाय राहणार नाही. हा तिसरा नियम सांगताना ताई तर्जनी वर करायच्या, आणि सगळी पोरं आपापल्या विचित्र उच्चारांत तो त्यांच्याबरोबर म्हणायची. शिपाईमामा दारात उभे राहून हसायचे. "शाळाच केलीय हो ताई तुम्ही," म्हणायचे. ताईंना ते आवडायचं. कशाला खोटं बोला, फार आवडायचं.

मामांना सगळ्यांना नावं ठेवायची सवय. खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून एका ताडमाड पोराला त्यांनी 'खांब' केलं होतं, आणि बारा महिने गळ्यात करड्या रंगाचा मफलर गुंडाळून हिंडणाऱ्या एका मुलीला 'मफलर'. ही मफलर वीस वर्षांची, अंगाने काडी, बोलायला महाकंजूष. गुरुवारी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, सगळं ऐकायची आणि जाताना रिकामे कप गोळा करून मामांच्या हातात द्यायची. कोणी सांगितलेलं नसताना.

त्या सोमवारी सकाळी मामा कक्षात आले ते टोपी हातात घेऊन. "ताई, आपल्या मफलरची आई गेली," ते म्हणाले. "शनिवारी. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं. पोरगी घरी पण पोचू शकली नाही."

ताई म्हणजे हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हेत. तासाभरात त्यांनी वसतिगृहात फोन केला, मुलीच्या सरांना फोन केला, परीक्षा पुढे ढकलून घेतली, आणि दुपारी स्वतः वसतिगृहात जाऊन तिला जवळ घेतलं. मुलगी रडली नाही. बापाने निरोप दिला होता की सगळं उरकलंय, आता येऊ नकोस, अभ्यास कर. परतताना ताईंना वाईट तर वाटतच होतं, पण मनाच्या एका कोपऱ्यात आपण किती पटापट सगळं केलं याचं समाधानही होतं. माणसाचं मन असं चावट असतं, त्याला कुठे काय वाटावं याची लाज नसते.

मंगळवारी दुपारी त्यांच्या नव्या चष्म्याचा स्क्रू निघाला आणि एक काच टपकन टेबलावर पडली. घेऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते. दुकानदाराला मनातल्या मनात चार शेलक्या शिव्या घालून ताईंनी खालचा खण उघडला आणि जुन्या चष्म्याची डबी काढली. डबी उघडली तर चष्म्याखाली, पुसायच्या फडक्याखाली, तीन घड्या केलेल्या चिठ्ठ्या.

अगदी क्षणभर त्यांना कळलंच नाही या कसल्या. आणि मग कळलं.

सहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. बुधवारी दुपारी कुलसचिवांचा फोन आला होता. "उद्या तुमच्या त्या गप्पांना पाहणी समिती येऊन बसणार आहे. चांगलं दिसलं तर उपक्रम राहील, नाहीतर ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायचं चाललंय. तेव्हा जरा व्यवस्थित असू द्या."

"व्यवस्थित म्हणजे कसं, साहेब?"

"म्हणजे रडगाणी नकोत," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

ताई उठल्या, बाहेर जाऊन डबा आत घेऊन आल्या, दार लावलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच गुरुवारच्या आधी कुलूप उघडलं. अकरा चिठ्ठ्या होत्या. एक गरम पाणी येत नसल्याची होती, ती बाजूला. एक खाणावळीतल्या भाताची, आणि भाताबद्दल जे लिहिलं होतं ते समितीपुढे वाचण्यासारखं नव्हतंच, तीही बाजूला. आणि तिसरी. पहिलीतल्या पोराने काढावीत तशी मोठी मोठी, जपून काढलेली अक्षरं. 'माझी आई आजारी आहे. मी घरी गेले तर माझी जागा जाईल का? हे कोणाला विचारायचं?'

ही चिठ्ठी ताईंनी दोनदा वाचली होती. उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. एका ओळीचा अर्ज द्यायचा आणि निघायचं, आठ आठवडे प्रवेशाच्या जागेला कोणी हात लावत नाही. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण ते शेवटचं वाक्य, 'हे कोणाला विचारायचं', ते त्यांना झोंबलं. अहो, बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय ती काय शोभेला? समिती म्हणणार, चार वर्षं कक्ष चालवताय आणि पोरांना कोणाला विचारायचं हे ठाऊक नाही! ताईंनी तिन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवल्या. पुढच्या गुरुवारी वाचू, असं म्हणून. आठ चिठ्ठ्या परत डब्यात टाकल्या आणि कुलूप लावलं.

गुरुवार झकास झाला. पोरं हसली, समितीचे अध्यक्ष तीन बिस्किटं खाऊन गेले, खोली राहिली. शुक्रवारी नवा चष्मा आला आणि जुन्याची डबी खालच्या खणात गेली. त्यानंतर पाच गुरुवार ताईंनी तर्जनी वर करून तिसरा नियम म्हटला होता.

चिठ्ठी कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती.

"मामा," त्यांनी हाक मारली, आणि मामा आत आले तेव्हा म्हणाल्या, "काही नाही. पाणी द्या जरा."

संध्याकाळी त्या वसतिगृहात गेल्या त्या सांगायचं असं पक्कं ठरवूनच. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं: 'तुझी चिठ्ठी माझ्याकडे राहिली, बाळ, चूक माझी आहे.' त्यात अवघड काय आहे? माणसं याहून मोठ्या चुका करतात आणि सांगतात.

खोलीत दोन खाटा, एक टेबल, खिडकीला बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेले मोजे. मफलर खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. एक सदरा घडी घालून ठेवायची, परत उचलायची, मोडायची, परत घालायची.

"ताई, बसा," ती म्हणाली. मग ताई काही बोलायच्या आत, खाली बघतच म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. नियम आहे, चिठ्ठी कोणाची ते सांगायचं नाही. पण मी सांगते. चालेल?"

ताईंनी मान हलवली.

"मी चिठ्ठी टाकली होती. आईसाठी. ते पाहुणे आले होते ना, तो गुरुवार. मी चार वाजायला निघणार, तेवढ्यात आईचा फोन आला. आई बोलतच होती. शेजारणीचं सांगत होती, कोंबडीचं सांगत होती, काही कामाचं नाही. मी म्हटलं, आई, ठेव आता, मला उशीर होतोय. ती म्हणाली, एक मिनिट. मी ओरडले. मी फोन ठेवला." मुलीने सदरा मांडीवर घेतला. "तरी मला उशीर झाला. दहा मिनिटं. मी आले तेव्हा तुम्ही दुसरी चिठ्ठी वाचत होता. शेवटपर्यंत माझी आली नाही, म्हणजे माझी आधीच वाचून झाली. सगळ्यांनी उत्तर ऐकलं. मीच नाही ऐकलं."

"अगं, मग परत विचारायचं नाहीस का कोणाला?" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"कसं विचारणार? विचारलं की कळतं चिठ्ठी कोणाची ते. आणि ऑफिसात विचारलं तर फाइलमध्ये लिहितात. आमच्याकडची एक मुलगी सांगत होती, फाइलमध्ये लिहिलं की जागा जाते. मग आई म्हणाली, आता बरं वाटतंय. मी म्हटलं, चला, परीक्षेनंतर जाऊ." ती पहिल्यांदाच ताईंकडे बघून म्हणाली, "तुमचा नियम चांगला आहे, ताई. एकही चिठ्ठी राहत नाही. चूक माझी. दहा मिनिटं उशीर."

आता सांगायला हवं होतं. याहून चांगली वेळ कुठली येणार होती? ताईंनी तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "होतं गं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस."

होतं असं! म्हणजे तुझीच चूक, पण चालायचंच. तिच्या डोक्यावरचा दगड काढायला गेलेल्या बाईने वरून आणखी एक ठेवला, आणि वर पाठीवरून हातही फिरवला. जिना उतरताना ताईंना स्वतःच्याच हाताची किळस आली.

घरी त्यांचे यजमान शब्दकोडं सोडवत बसले होते. निवृत्त गणितमास्तर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं उत्तर एकच असतं अशी त्यांची समजूत. ताईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, नवऱ्यापुढे लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"हे बघ," ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून तिची आई परत येणार आहे का? नाही ना. मग कशाला पोरीला आणखी दुखवतेस? आणि कुलसचिवांच्या कानावर गेलं म्हणजे? तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

"पण ती स्वतःला दोष देतेय हो."

"चार दिवस देईल. पोरं विसरतात."

"तुमची आई गेली तेव्हा तुम्ही गावाला उशिरा पोचलात," ताई म्हणाल्या. "विसरलात का?"

यजमानांनी पेन्सिल उचलली. कोड्यात आधीच भरलेला एक शब्द खोडून टाकला.

पण बुधवारी ताईंना पळवाट सुचली. माणूस गोत्यात आला की डोकं कसं तरतरीत चालतं बघा. डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टी आहे. चिठ्ठी फटीतून टाकताना ती पट्टीला चिकटून राहिली, कोणाला दिसलीच नाही. कोणाचीच चूक नाही! मुलीला कळेल की तिची चिठ्ठी वाचलीच गेली नव्हती, म्हणजे तिच्या उशिराने काही बिघडलं नव्हतं. तिचा जीव हलका होईल आणि ताईंची अब्रूही शाबूत राहील. कोणाचं काय जातंय?

दुपारी त्यांनी डबा आत आणला, झाकण उघडलं आणि घडी केलेली चिठ्ठी पट्टीवर दाबून बसवली. ती पडली. परत दाबली. परत पडली. शेवटी गोंद लावायला लागला. मान वर केली तर दारात शिपाईमामा, हातात चहा.

मामांनी कप टेबलावर ठेवला. झाकणाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. "ती पट्टी मी लावली ना, त्याला चार वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "कधीच वाळून गेलीय. आता तिला काही चिकटत नाही." आणि निघून गेले. आयुष्यभर टवाळी करणारा माणूस, पण त्या दिवशी हसला नाही.

गुरुवारी ताई साडेतीनलाच ग्रंथालयात गेल्या. डबा बगलेत, जुना चष्मा डोळ्यांवर. मनात म्हणत होत्या की पोरं आली की झाकण उघडायचं, चिठ्ठी सगळ्यांना दिसेल, मी 'अगंबाई' म्हणेन. 'अगंबाई' कसं म्हणायचं तेही ठरलं होतं. खोलीचं दार ढकललं तर आत खुर्च्या मांडून झालेल्या. सोळाच्या सोळा, गोल, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर. आणि दाराजवळच्या खुर्चीत मफलर.

"तू? आत्ताच?"

"मी तीन वाजता आले," ती म्हणाली. "आता मी नेहमी तीन वाजता येणार, ताई. परत कधी उशीर नाही."

ताईंनी डबा टेबलावर ठेवला, कुलूप काढलं आणि झाकण उलटं केलं. गोंदाने चिकटवलेली चिठ्ठी नखाने खरवडून काढायला लागली, तिचा एक कोपरा पत्र्यालाच राहिला. मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसून ताईंनी ती तिच्या हातात दिली.

"तुझीच आहे ना?"

मुलीने उघडली. मान हलवली.

"ही मी सगळ्यांपुढे वाचली नव्हती. त्या गुरुवारी नाही आणि नंतरही नाही. डब्यात नव्हतीच ती. पाहुणे येणार म्हणून मी आदल्या दिवशी चोरून डबा उघडला आणि ही काढून ठेवली. माझ्या चष्म्याच्या डबीत. आणि विसरले." ताईंचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "झाकणाला मी काल चिकटवली. आज तुला खोटं सांगणार होते की चिकटून राहिली होती म्हणून. परवा तुझ्या खोलीवर सांगायला आले होते, तेव्हाही नाही सांगितलं. तुला उशीर झाला नव्हता, बाळ. तू चारच्या आधी एक तास आली असतीस तरी तुला उत्तर मिळालं नसतं."

मुलीने चिठ्ठीचा फाटका कोपरा बोटाने चाचपला. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"उत्तर काय होतं?" तिने विचारलं.

"एका ओळीचा अर्ज द्यायचा. आठ आठवडे जागा जात नाही."

"एक ओळ?"

"एक ओळ."

तिने चिठ्ठीची परत घडी घातली. तिच्या आधीच्या घड्यांवरच, नीट. "मग मी आईचा फोन उगाच ठेवला," ती म्हणाली. "ती एक मिनिट म्हणत होती. मला वेळ होता."

माफ कर म्हणायचं होतं, ते ताईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. माफ कर म्हणजे पुन्हा तिच्याकडेच काहीतरी मागायचं. त्या नुसत्या बसून राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. मुलीने त्यांचा हात धरला नाही. उठूनही गेली नाही.

चारला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. तेव्हा मुलीने चिठ्ठी ताईंच्या मांडीवर ठेवली. "वाचा," ती म्हणाली. "नियम आहे ना."

पोरं आली, खुर्च्या भरल्या, मामांनी चहा फिरवला. उघडा डबा पाहून एकदोघांच्या भुवया वर गेल्या, पण कोणी काही विचारलं नाही. नियम म्हणायची वेळ झाली तेव्हा ताईंनी तर्जनी वर केली नाही. पोरांनी आपणच म्हटले, तिसरा सगळ्यात मोठ्यांदा.

ताईंनी चिठ्ठी उघडली आणि वाचली. "माझी आई आजारी आहे. मी घरी गेले तर माझी जागा जाईल का? हे कोणाला विचारायचं?"

"हात्तिच्या, हे मला माहीत आहे!" खांब खुर्चीतून जवळजवळ उभाच राहिला. एरवी त्याला कुठल्याच चिठ्ठीचं उत्तर यायचं नाही, त्यामुळे स्वारी खुशीत होती. "मी गेलो होतो ना भावाच्या लग्नाला. काही होत नाही. एक ओळ लिहायची, ताई लगेच सही करतात, मला तर चहा पण दिला." त्याने सगळ्यांकडे हसून बघितलं, मग एकदम गंभीर झाला. "ज्याने लिहिलंय त्याने वाट नको बघायला. आई आजारी आहे ना. आजच निघ म्हणावं. बॅग मी नेतो खाली."

दोघांतिघांनी माना डोलावल्या. एक मुलगी म्हणाली, तिकिटाचं माझी मैत्रीण बघेल, स्वस्त मिळतं. आणखी कोणी म्हणालं, नोट्स मी देईन. अख्खी खोली मदतीला धावून आली होती, जिच्यासाठी यायची ती दाराजवळ मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि हे सगळं सहा आठवड्यांपूर्वी जसंच्या तसं झालं असतं.

दारात शिपाईमामांनी तोंड फिरवलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. "ही चिठ्ठी आजची नाही. समिती आली होती त्या आठवड्यातली आहे. मी ती डब्यातून काढून घेतली, कारण पाहुण्यांपुढे माझं वाईट दिसलं असतं. तिसरा नियम मी मोडला, आणि मोडल्यानंतरही पाच वेळा तुमच्याकडून म्हणून घेतला. कुलसचिवांना मी उद्या लिहून देणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

कोणाचा तरी चमचा कपात किणकिणला आणि थांबला. खांबाला सगळं समजायला थोडा वेळ लागला. तो अजून अर्धवट उभाच होता.

"मग," त्याने विचारलं, "ती गेली का घरी?"

दुसरा नियम होता, चिठ्ठी कोणाची हे विचारायचं नाही. त्याने तेही विचारलं नव्हतं. ताईंनी दाराकडे बघायचं टाळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही जाऊ शकली. तिची आई गेल्या शनिवारी वारली."

खांब मटकन खाली बसला. मग दाराजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मफलर उठली होती. ती टेबलापाशी आली, उघडा डबा उचलला, आणि गोलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा जमिनीवर ठेवला. मग ताईंसमोर हात पुढे केला.

"किल्ली," ती म्हणाली.

ताईंनी जुडग्यातून किल्ली सोडवायला सुरुवात केली. कडी उघडेना, नख मोडलं. मुलगी हात तसाच धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी किल्ली निघाली, आणि ताईंनी ती तिच्या हातावर ठेवली.

मुलीने मूठ मिटली, डब्याशेजारी जमिनीवर बसकण मारली, आणि पुढची चिठ्ठी बाहेर काढली.